बालवीरांचे नियम आणि वडिलांचे वर्तन

मुलांस नीतीचे नियम घालून देणे फार सोपे आहे. ते नियम घालून देणाराने स्वतः पाळणे तितकेच अवघड आहे. ज्या चळवळीस आपण स्काऊट किंवा बालवीर चळवळ म्हणतो, तिचा शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो. आज जगभर पाच कोटींहून अधिक मुले, मुली व तरुण तिच्यात आहेत. कोणी तिची स्तुतिस्तोत्रे गातात, तर कोणी तिला साहेबी खूळ म्हणून नाक मुरडतात. उभयपक्षांनी तिचा पूर्ववृत्तांत एकवार शांतपणे पाहावा, म्हणून हा लेखप्रपंच.

चळवळीचे जनक लॉर्ड बेडन पॉवेल हे मूळचे लष्करी अधिकारी. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मॅफेकिंग गावास १८९९ च्या ऑक्टोबरापासून १९०० च्या मेपर्यंत २१७ दिवस वेढा पडला होता. त्या वेळी गावातील गोऱ्या मुलांचे एक पथक निरोप पोहोचविण्यासारखी कामे करीत असे. मुलांवर भरवसा टाकला म्हणजे ती जबाबदारी पेलतात, हे बेडन पॉवेल यांनी तेथे पाहिले. परंतु केवळ लष्करी शिस्तीतून ही चळवळ जन्मास आली, असे मात्र नव्हे. विल्यम स्मिथ यांनी १८८३ साली ग्लासगो येथे बॉईज ब्रिगेड स्थापून मुलांच्या संघटनेचा कित्ता घालून दिला होता. अमेरिकेत अर्नेस्ट थॉमसन सेटन यांनी १९०२ पासून मुलांस रानावनात नेऊन निसर्गाची ओळख करून देण्याचा उपक्रम चालविला होता. या दोन्ही उपक्रमांचे ऋण बेडन पॉवेल यांच्यावर आहे.

१९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरले. त्यांतील काही मुले बड्या घराण्यांची व उंची शाळांतील, तर काही कामकरी वर्गाची होती. बड्यांच्या मुलांकडून एक पौंड आणि इतरांकडून साडेतीन शिलिंग एवढीच वर्गणी घेण्यात आली. मग या सर्वांची सरमिसळ करून चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा नेमला. वर्गभेदाने ग्रासलेल्या त्या काळच्या इंग्लंडात उमरावाच्या व मजुराच्या मुलाने एका तंबूत निजावे व एका चुलीवर शिजविलेले अन्न खावे, ही गोष्ट सामान्य नव्हती. आमच्या मते चळवळीचे खरे बीज या सहवासात आहे. टोपी, शिटी व बिल्ले हे केवळ टरफल होय.

पुढील वर्षी बेडन पॉवेल यांचे पुस्तक सहा भागांत निघाले आणि ते वाचून मुलांनी गावोगाव आपण होऊन पथके उभारली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मेळाव्यास काही मुलीही न बोलावता हजर झाल्या व त्यांनी आपला हक्क सांगितला. १९१० साली त्यांच्यासाठी गर्ल गाईड्स संस्था निघाली. विश्वासूपणा, परोपकार, सौजन्य, प्राणिमात्रावर दया व काटकसर हे नियम ठरले. त्यांत चौथा नियम असा होता की, समाजातील दर्जा कोणताही असो, प्रत्येक स्काऊट दुसऱ्या स्काऊटाचा बंधू होय.

हा बंधुभाव हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागताच मात्र अडखळला. कॅप्टन बेकर यांनी १९०९ साली बंगलोर येथे पहिले पथक काढले, परंतु ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतेच. ज्यांच्या देशात चळवळ आली त्यांच्याच मुलांस तिचे दार बंद होते! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, यापेक्षा याचे यथार्थ वर्णन कोणते?

यावर आपल्या पुढाऱ्यांनी काय केले, हे विशेष मननीय आहे. त्यांनी नियमांस शिव्या दिल्या नाहीत; ते अधिक प्रामाणिकपणे पाळून दाखविले. श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ साली शहाजहानपूर येथे हिंदी मुलांचे पथक काढले. अ‍ॅनी बेझंट यांनी अरुंडेल यांच्या साहाय्याने १९१६ साली मद्रास येथे स्वतंत्र संस्था स्थापिली. तिचे बालवीर हिंदी पद्धतीचा फेटा बांधीत व हिंदी गीते गात. पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी सेवा समितीची पथके उभी केली. १९२१ साली बेडन पॉवेल येथे आले, तेव्हा कोठे पुष्कळ संस्थांचे एकीकरण झाले. सेवा समिती तरीही अलगच राहिली. पुढे १९३७ साली हिंदी लोकांच्या शीलाविषयी बेडन पॉवेल यांनी काढलेल्या उद्गारांनी पुन्हा असंतोष माजला आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी सर्व प्रवाह भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेत एकत्र आले.

गोऱ्यांचा दोष दाखवून हात झटकणे सोपे आहे. पण ज्या वजनाने गिऱ्हाइकास माल देतो त्याच वजनाने स्वतः घ्यावा, हा सचोटीच्या व्यापाऱ्याचा नियम येथेही लागू आहे. जो गृहस्थ बंगलोरच्या वर्णभेदाची हकीकत वाचून संतापतो, तोच आपला मुलगा शिबिरास निघाला असता त्याच्या तंबूत कोणत्या जातीची मुले आहेत, अशी हळूच चौकशी करीत असेल, तर त्याच्या संतापाची किंमत काय? जो मुलास स्वावलंबनाचा बिल्ला मिळाला म्हणून पेढे वाटतो, पण घरी त्यास स्वतःचे ताट उचलू देत नाही, त्याने बिल्ला मिळविला की विकत घेतला?

संस्थाचालकांसही हेच माप लावले पाहिजे. अमेरिकेतील बॉय स्काऊट्स संस्थेने २०२० साली दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्यानंतर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२,००० हून अधिक दावे तिच्यावर दाखल झाले. विश्वासूपणा हा मुलांचा पहिला नियम. त्या मुलांच्या विश्वासास वडीलधारे जागले नाहीत. म्हणून संस्थेचे नाव मोठे आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. शिबिरावर कोण जातो, देखरेख कोणाची, तक्रार ऐकणारा कोण, हे विचारणे पालकांचा हक्क नव्हे, कर्तव्यच आहे.

तरीही आपल्या मुलामुलींस या शिबिरांस अवश्य धाडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चूल पेटविणे, वाट शोधणे आणि अनोळखी सोबत्याशी भाकरी वाटून खाणे, हे शिक्षण चार भिंतींच्या शाळेत मिळत नाही. मात्र मुलगा परत आला म्हणजे तो जे शिकून येईल त्यास घरात जागा करून द्यावी. तो दुसऱ्या आळीतल्या आपल्या तंबूतील सोबत्यास जेवावयास घेऊन आला, तर त्यास आपल्याच पंक्तीस पान मांडावे. चौथ्या नियमाची खरी परीक्षा तेथे आहे, आणि ती मुलाची नसून आपली आहे.