पहिला रुपया तालुक्यात

माणसाच्या स्नायूत डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं. स्नायूतल्या सगळ्या प्रथिनांचे एक लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम दोन भाग त्याचे. ओझं उचलण्याचं काम अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांचे तंतू एकमेकांवर सरकून करतात. डिस्ट्रोफिन एका टोकाने आतल्या अ‍ॅक्टिनला धरतं आणि दुसऱ्या टोकाने पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांना. खानदेशातल्या जिनिंग-प्रेसमध्ये रुईच्या गाठीवर पट्ट्या आवळतात. गाठीच्या वजनात त्या कुठेच नसतात, पण त्या नसल्या तर गाठ उचलता क्षणी फुटते. डिस्ट्रोफिन नसलेल्या स्नायूचं तसंच होतं. आकुंचन पावताना पेशीचं आवरण पुन्हा पुन्हा फाटतं, कॅल्शियम आत शिरतं, तंतू मरतात आणि काही वर्षांत त्यांच्या जागी चरबी आणि निबर ऊती भरतात.

या आजाराला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी म्हणतात. मुलगा तीन-चार वर्षांचा होईपर्यंत त्याला कोणी आजारी म्हणत नाही. तो उशिरा चालायला लागतो, जिना चढताना कठडा धरतो, पळताना मागे पडतो. जमिनीवरून उठताना गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, म्हणून घरच्यांना तो धष्टपुष्टच वाटतो. उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं आणि पुढे श्वासाचे स्नायू व हृदय थकत जातं.

आजाराची ओळख एकोणिसाव्या शतकापासून आहे. कारण कळलं ते १९८७ मध्ये, बॉस्टनमध्ये लुई कंकेल यांच्या प्रयोगशाळेत. एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन आणि कंकेल यांनी हे प्रथिन शोधलं. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, सुमारे २२ लाख अक्षरांचं, ७९ तुकड्यांत विभागलेलं. इतक्या लांबलचक मजकुरात चूक शिरायला जागाही तितकीच. मुलाकडे एक्स एकच असल्याने त्याची चूक झाकली जात नाही. आईकडे दुसरा एक्स असतो, म्हणून ती बहुधा धडधाकट असते आणि तरीही वाहक असू शकते.

साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती. जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला जन्मणाऱ्या मुलग्यांपैकी सहा-सात जणांच्या वाट्याला तो येतो. धरणगाव तालुक्यापुरतं बोलायचं, तर तीन-चार वर्षांतून एक मुलगा. एवढ्या थोड्यांसाठी सरकारने पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आम्ही विचारतच नाही, करावाच. प्रश्न आहे तो कुठे करावा याचा. जनुकउपचार आणि संशोधन एका बाजूला, तालुक्यातलं निदान आणि देखभाल दुसऱ्या बाजूला. निधी मर्यादित असताना दोन्हींना सारखंच प्राधान्य द्या म्हणणं सोपं आहे, पण त्याने काहीच ठरत नाही.

संशोधनाची बाजू आधी मांडू, कारण ती भक्कम आहे. चार दशकं होत आली आणि या एका प्रथिनाच्या अभ्यासातून औषधांची एक रांग उभी राहिली. जनुकाचा एक ठरावीक तुकडा वगळून उरलेला मजकूर वाचायला लावणारं पहिलं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. सुमारे १३ टक्के रुग्णांनाच लागू पडणारं, आणि त्याने वाढलेलं डिस्ट्रोफिन निरोगी स्नायूच्या एक टक्क्याच्याही आत. पाठोपाठ २०२३ मध्ये जनुकउपचार आला. विषाणूच्या पोटात हे अवाढव्य जनुक मावत नाही, म्हणून त्याची काटछाट केलेली आवृत्ती पेशीत पोहोचवायची, ही त्यामागची कल्पना. कल्पना सुंदर आहे. किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे २५ कोटी रुपयांहून अधिक. मोठ्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट मात्र गाठता आलं नाही, आणि २०२५ मध्ये हा उपचार घेतलेल्या, चालणं आधीच थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला.

यावरून हे संशोधन फसलं असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं ठरेल. रक्ताच्या कर्करोगाची पहिली औषधंही अशीच अडखळत आली होती. पण आपल्या धोरणाशी ताडून पाहायला हवं. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात हा आजार तिसऱ्या गटात आहे: उपचार आहेत, पण अतिशय महाग आणि कोणाला द्यायचे हे ठरवणं अवघड. एका रुग्णाला मदतीची कमाल मर्यादा ५० लाख. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचा आणि दोन वर्षांसाठी ९७४ कोटींची तरतूद करण्याचा आदेश दिला. रक्कम मोठी वाटते. जनुकउपचाराच्या दराने तिच्यात चाळीसएक मुलं बसतात, तीही देशभरातली आणि बाकी सगळे दुर्मिळ आजार बाजूला ठेवून.

आता तालुक्याकडे येऊ. धरणगावच्या मुलासाठी केंद्राच्या धोरणातलं विशेष केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. तिथवर तो पोहोचतो कधी, यावर बरंच काही अवलंबून आहे. मुलगा पडतो म्हणून कॅल्शियमचं औषध मिळतं. ताकद येत नाही म्हणून टॉनिक. रक्त तपासलं की एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले निघतात आणि यकृताचा आजार समजून महिनोन्‌महिने उपचार चालतात. ही दोन्ही द्रव्यं स्नायूंतूनही रक्तात येतात हे कोणी ध्यानात घेत नाही. या सगळ्या वाटेवर एक साधी रक्ततपासणी पुरेशी ठरली असती. प्रयोगशाळेत तिला सीपीके म्हणतात. खर्च काहीशे रुपयांचा. निरोगी मुलात हा आकडा दोनशेच्या आसपास असतो, ड्युशेनच्या मुलात दहा-वीस हजारांपर्यंत जातो. इतका ढळढळीत इशारा फार थोड्या आजारांत मिळतो.

यंत्रणाही नव्याने उभारायची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, मुलांच्या हालचालींतली दिरंगाई नोंदवणं त्यांच्या यादीत आहेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना सिकलसेलच्या तपासणीची सवय झाली आहे. अंगणवाडीताईने मुलाला जमिनीवरून उठायला सांगायचं आणि तो हात टेकत उठला तर सीपीकेसाठी पाठवायचं, एवढंच या पथकांच्या कामात जोडावं लागेल. पुढची जनुकतपासणी मुंबईत होईल. सात-आठ दशांश रुग्णांत दोष तुकडा गळण्याचा किंवा दुप्पट होण्याचा असतो आणि तो ओळखायची चाचणी आता फार महाग राहिलेली नाही.

यावर आक्षेप असा, की निदान करून हाती काय येतं? आईबापांना काही वर्षं आधीच रडायला लावायचं एवढंच ना? आक्षेप हलका नाही. वेल्समध्ये नवजात मुलग्यांची या आजारासाठी तपासणी १९९० पासून चालू होती, ती २०११ मध्ये थांबवली. जन्मतःच कळावं की नाही याबद्दल आम्हीही साशंक आहोत. लक्षणं नसलेल्या बाळाच्या आईला असं काही सांगण्याआधी आपल्याकडे द्यायला काहीतरी हवं. लक्षणं दिसू लागलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासाठी प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट आहे, भारतात स्वस्तात मिळणारं. त्याने चालणं दोन-तीन वर्षं लांबतं. वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात, उंची खुंटते, मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांचं लक्ष सतत हवं. घोट्याचे रोजचे ताण-व्यायाम, रात्री बांधायच्या पट्ट्या, दरवर्षी हृदयाची इको तपासणी, पुढे रात्रीपुरतं श्वासयंत्र. यातल्या एकाही गोष्टीला अमेरिकेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ज्या देशांत एवढं नीट पोहोचलं, तिथली मुलं विशीच्या शेवटापर्यंत, तिशीपर्यंत जगू लागली.

मग सगळा पैसा इकडेच वळवावा का? तसं आम्ही म्हणणार नाही, आणि त्याचं एक कारण खानदेशातही दिसतं. वैद्यकाकडे उत्तर नसतं तिथे दुसरे लोक उत्तर घेऊन येतात. मूळपेशींच्या नावाखाली या आजारावर लाखोंचे उपचार विकले गेले, त्यासाठी घरांनी शेतं विकली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूळपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करता येतो. प्रामाणिक संशोधन बंद पडलं तर असल्या आशेचा बाजार आणखी फोफावेल.

दुसरं कारण असं, की निदान आणि संशोधन हे आम्ही वर वेगळे केले तितके वेगळे नाहीत. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर, रश्ना दस्तूर आणि प्रज्ञा गायतोंडे यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये अग्रवाल समाजातल्या कॅल्पेन-३ च्या दोषांवर काम प्रसिद्ध केलं. कॅल्पेन-३ हे स्नायूतल्या टायटिन या सर्वांत मोठ्या प्रथिनाला बिलगून असणारं विकर. त्यातल्या बिघाडाने खांदे आणि कंबरेचे स्नायू झिजतात. एका पूर्वजापासून पिढ्यान्‌पिढ्या आलेले ठरावीक दोष त्यांनी दाखवले. खानदेशच्या बाजारपेठांतही अग्रवाल घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि जातीत सोयरीक करणाऱ्या कुठल्याही समाजात असे दोष असू शकतात. हे ज्ञान दवाखान्यात रुग्ण नीट तपासले, नोंदले, म्हणून मिळालं. उद्या तुकडा वगळणारं भारतीय औषध चाचणीला आलं, तर कुठल्या मुलाचा कुठला तुकडा गळालेला आहे याची नोंद हवी. धरणगावचा मुलगा नोंदवहीतच नसेल, तर ते औषध त्याच्यासाठी नाही.

म्हणून आमचं मत असं: पहिला रुपया तालुक्यातल्या निदानावर, दुसरा जिल्ह्यातल्या देखभालीवर, आणि तिसरा देशातल्या संशोधनावर लावावा. परदेशी जनुकउपचार सरकारी खर्चाने विकत घेणं तूर्त थांबवावं. ज्या घरात आज पाच वर्षांचा मुलगा आहे त्या घराला हे कठोर वाटेल, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित आम्हीही न्यायालयाचं दार ठोठावलं असतं. तरीही एका मुलाच्या पंचवीस कोटींत जिल्ह्याजिल्ह्यातली कित्येक मुलं वर्षानुवर्षं सांभाळता येतात, हा हिशेब डोळ्याआड करता येत नाही.

एक भाग मात्र पैशाने सुटणारा नाही. हा आजार मामा-भाच्यांमध्ये दिसतो. निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो, मामालाही असंच होतं ना? आणि मग दोष माहेरचा, म्हणून सुनेचा. खरं तर एक तृतीयांश मुलांत चूक नव्यानेच घडलेली असते. आई वाहक नसतेच. असली तरी तिने काही केलेलं नसतं. पण अहवालावर ‘आई वाहक’ असे दोन शब्द लिहून घरी पाठवलं, तर त्या बाईचं पुढे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पुढच्या गरोदरपणात तपासणी करायची, तर गर्भ मुलाचा की मुलीचा हे पाहावंच लागतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, आणि जळगाव हा राज्यात मुलींचं प्रमाण सर्वांत खाली गेलेल्या जिल्ह्यांपैकी एक. केंद्राच्या कायद्यात लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी तपासणीची मुभा आहे, ती योग्यही आहे. तिच्या आडून दुसरंच काही होऊ नये म्हणून ती मान्यताप्राप्त केंद्रातच राहावी. तालुक्यातल्या सोनोग्राफीपर्यंत तिला खाली आणू नये.

उरते रुग्णाची बहीण. तीही वाहक असू शकते. सोयरीक जुळवण्याआधी तिची तपासणी करून टाका, असं सुचवणारे नातेवाईक भेटतील. ती अठरा वर्षांची झाल्यावर, तिने स्वतः मागितली तर आणि तिच्याच हातात अहवाल देऊन ती व्हावी. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे खानदेशातल्या घरांची रीत जाणणारा, शक्यतो अहिराणी बोलणारा जनुकीय समुपदेशक नेमावा. तो मिळेपर्यंत मुलांचं निदान आणि देखभाल चालू राहू द्यावी. आया-बहिणींची तपासणी मात्र आम्ही थांबवून ठेवण्याच्या बाजूचे आहोत.