आम्ही असले काही पाहत नाही!

दिवाळीच्या फराळाला चार घरी जावे, म्हणजे चकली-कडबोळ्यांच्या जोडीने एक वाक्य हमखास पानात पडते. बोलता बोलता कुणी एखाद्या मालिकेचे किंवा धांगडधिंग्याच्या सिनेमाचे नाव काढतो आणि यजमान चहाचा कप बशीत ठेवून मोठ्या गांभीर्याने म्हणतात, "छे! आम्ही असले काही पाहत नाही." आपण जरा खोलात शिरलो तर असे आढळते की मालिकेतल्या धाकट्या सुनेचे माहेर कुठले, थोरल्या दिराला विस्मृती केव्हा झाली आणि सासूबाईंनी किल्ल्या कुठे लपवल्या, हे सारे यजमानांना मुखोद्गत आहे. विचारले तर उत्तर तयार असते, "घरातली मंडळी लावतात, कानावर पडते." मंडळींना विचारावे तर त्या म्हणतात, "सासूबाई पाहतात." सासूबाईंना विचारावे तर त्या म्हणतात, "मला मेलीला काय दिसतंय? नातवंडं लावतात." नातवंडे तर आपापल्या मोबाईलमध्ये मान खाली घालून बसलेली. म्हणजे चोरी झाली खरी, पण चोर घरात नाही! 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ साली सुरू झाली आणि नावातल्या चार दिवसांची तिने अकरा वर्षे केली. तीन हजारांहून अधिक भाग झाले. ते सारे काय आपल्या दिवाणखान्यांच्या भिंतींनी पाहिले?

ज्याला एखादी गोष्ट आवडत नाही त्याने ती पाहू नये, हे उघड आहे. ज्याला आवडते त्याने पाहावी, हेही उघड आहे. माझे भांडण आहे ते खुशाल पाहून, मिटक्या मारून, वर तोंड पुसून बसणाऱ्या मंडळींशी. ही मंडळी मराठी मुलखात फार आहेत, आणि दुर्दैवाने तीच स्वतःला रसिक म्हणवतात.

वास्तविक ज्या दिवाळी अंकात वाचक हे वाचत आहेत, त्या परंपरेचा जन्मच मुळी मनोरंजनाच्या पोटी झालेला आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी पहिला दिवाळी अंक काढला आणि ज्या मासिकाचा तो अंक, त्या मासिकाचे नावच 'मनोरंजन' होते. उद्बोधन नव्हे, प्रबोधन नव्हे, चक्क मनोरंजन! मित्रांना त्या नावाची लाज वाटली नाही. आज एखाद्याने त्या नावाचे मासिक काढायचे मनात आणले तर चार शहाणे मित्र त्याला बाजूला घेऊन सांगतील की बाबा रे, नाव जरा वजनदार ठेव. आणि ज्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून दोन पिढ्यांना वाचनाचे वेड लावले, त्यांचे पुस्तक भूगोलाच्या पुस्तकात लपवूनच वाचायचे, असा आपला रिवाज. लपवून वाचणारे पुढे मोठे झाले, अधिकारपदी चढले, व्याख्याने देऊ लागले. त्या व्याख्यानांत अर्नाळकरांचे नाव किती वेळा आले ते श्रोत्यांनीच आठवून पाहावे.

आता तमाशाचे घ्या. १९५९ साली अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला. हंसा वाडकर, जयश्री गडकर, वसंत पवारांचे संगीत आणि पडद्यावर अस्सल फडाचा रंग. तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात किती चालला? एकशे एकतीस आठवडे! अडीच वर्षे! आणि कुठे? तर पुण्यात, जेथे तमाशाचे नाव काढले की भल्या माणसाने कानांवर हात ठेवावा अशी रीत, त्या पुण्यात. खेड्यांतून माणसे येत होती हे मला मान्य आहे. पण अडीच वर्षे रोज बैलगाड्या भरभरून विजयानंदच्या दारात सुटत होत्या, असे कुणाला म्हणायचे असेल तर त्याने आधी त्या बैलांच्या वैरणीचा हिशेब द्यावा. पुणेकर गेले, सहकुटुंब गेले, दोनदा-तीनदा गेले, आणि घरी येऊन म्हणाले, "छायाचित्रण बरे होते हो!"

ही छायाचित्रणाची पळवाट फार जुनी आहे. ढोलकीवर मान डोलली, हे कबूल करायचे नाही. मग तंत्राची तारीफ करायची, 'लोककलेचा अभ्यास' म्हणायचे. तीच ढोलकी, तोच गण, तीच बतावणी कनातीत असली की ती 'असले काही' ठरते, आणि शहरातल्या नाट्यगृहात तिकीट लावून आली की तिला 'लोकनाट्य' हे सोवळे नाव मिळते. १९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले आणि दादा कोंडक्यांनी पांढरपेशा प्रेक्षकाला खुर्चीवरून पडेपर्यंत हसवले. तेच दादा कोंडके १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून पडद्यावर गाजले, त्यांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, जागतिक विक्रमांच्या पुस्तकात नाव गेले. पण तिथे हसणारा प्रेक्षक मळक्या कपड्यांतला होता, त्यामुळे दादा लगेच 'अश्लील' झाले. त्यांच्या काही विनोदांना मी स्वतः नाक मुरडतो. पण नाक मुरडण्यासाठी आधी नाक तिथे न्यावे लागते, एवढे तरी मान्य करावे की नाही?

विठाबाई नारायणगावकरांचे नाव आज मोठ्या आदराने घेतले जाते. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, २००२ साली त्या गेल्या, आणि पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कारही सुरू केला. सारे यथास्थित झाले. पण अखेरच्या आजारात या बाईंना पैशाची ददात पडली, ही गोष्ट त्या सन्मानपत्रांत कुठे लिहिलेली नाही. ज्यांच्या नाचावर हजारोंनी शिट्ट्या मारल्या, त्यांच्या औषधपाण्याच्या वेळी ते हजारो कुठे होते? ते घरीच होते. त्यांनी तमाशा कधी पाहिलेलाच नव्हता! न पाहिलेल्या गोष्टीचे देणे कुणी लागत नसतो. म्हणून म्हणतो, हा खोटेपणा वाटतो तितका निरुपद्रवी नाही. आवड नाकारली की ऋणही नाकारता येते, आणि आपल्या समाजाला ही सोय फार मानवली आहे.

मी शाळामास्तर आहे. 'माझा आवडता छंद' हा निबंध मी इतक्या वेळा तपासला आहे की लाल शाईचा खर्च काढला तर एखादी बैलजोडी येईल. चाळीस मुलांच्या वर्गात तीसएक मुले लिहितात, 'माझा आवडता छंद वाचन आहे.' उरलेली लिहितात, 'पोस्टाची तिकिटे जमवणे.' ज्या गावात महिन्याकाठी चार पत्रे येत नाहीत, तिथे ही पोरे तिकिटे आणतात कुठून? निबंधाच्या गाईडातून. मधल्या सुट्टीत बाकावर अशी काही ढोलकी वाजवणारा मुलगा, की ऐकणाऱ्याचा पाय जागेवर राहू नये, तोदेखील वहीत लिहितो, 'वाचनाने मन प्रगल्भ होते.' त्याला जवळ घेऊन विचारावे, "अरे, ढोलकीबद्दल का नाही लिहिलेस?" तर तो आपल्याकडे अशा नजरेने पाहतो, की जणू मास्तरांनी त्याला चोरीची कबुली द्यायला सांगितली आहे. "गुरुजी, ते काय निबंधात लिवायचं असतंय व्हय?"

दहा-बारा वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवले? क्रमिक पुस्तकात तर तसे वाक्य नाही. ते त्याला आपण शिकवले, आपल्या 'छे'ने शिकवले. तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला की वर्ग हसतो, तो घरच्यासारखे बोलला की कुणी तरी बाई त्याला 'नीट बोल' म्हणून दटावते, आणि त्याच्या बापाला जे गाणे आवडते ते शाळेच्या स्नेहसंमेलनात चालत नाही. चालते ते त्याच गाण्याचे हिंदी भावंड! पोर हुशार असते. त्याला लवकरच कळते की आपल्याजवळ दोन आवडी असायला हव्यात, एक ठेवायची आणि एक दाखवायची. प्रमाण भाषा शिकवायची नाही असे माझे म्हणणे नाही. ती शिकवण्यावर तर माझी भाकरी आहे. पण तिचा उपयोग पोराच्या तोंडावर फडके बांधण्यासाठी व्हावा, हे मला पटत नाही.

आणि हे सारे कुणाच्या नावाने? तर मराठी संस्कृतीच्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण मराठीच्या जुनेपणाची साक्ष म्हणून आपण जो ग्रंथ मोठ्या अभिमानाने पुढे करतो, ती हाल सातवाहनाची गाथासप्तशती एकदा उघडून तरी पाहावी. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी ती मराठी वाचकाच्या हाती दिलेली आहे. तिच्यात राजवाडे शोधू नका. तिच्यात शेते आहेत, नांगरणारे गडी आहेत, नवरा परगावी गेला म्हणून झुरणाऱ्या बायका आहेत, आणि झुरण्याचा कंटाळा आलेल्याही आहेत! त्यांतल्या निवडक गाथा नाव न सांगता फराळाच्या बैठकीत वाचून दाखवल्या, तर आमचे यजमान कप बशीत ठेवून काय म्हणतील हे मी सांगायला नको. एकनाथांनी विंचू, गोंधळी, जोशी यांची सोंगे घेऊन भारुडे रचली. सोलापूरचा रामजोशी वेदशास्त्र जाणणाऱ्या घरातला. तो लावणीच्या नादी लागला आणि शाहीर म्हणून अजरामर झाला. अभिजात म्हणून जे आपण आज देव्हाऱ्यात ठेवतो, त्यातले बरेचसे कुणाच्या तरी दृष्टीने एके काळी 'असले काही'च होते.

यावर कुणी विचारील, "म्हणजे सगळेच चांगले म्हणायचे काय? वाटेल तो पाचकळपणा डोक्यावर घ्यायचा?" मुळीच नाही. हल्लीच्या कित्येक मालिका इतक्या रटाळ असतात की त्या पाहण्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात. तसे म्हणा, कडकडून म्हणा. मात्र पाहून म्हणा, आणि पाहिले आहे हे सांगून म्हणा. भाजी खारट झाली हे जेवणाऱ्याने सांगितले तर स्वयंपाकीण पुढच्या वेळी मीठ कमी घालते. 'आम्ही असले काही खात नाही' म्हणत स्वयंपाकघरात उभ्याने चार घास मारणाऱ्याच्या मताचा तिला काय उपयोग? मराठी मालिका आणि सिनेमे सुधारत नाहीत, याचे एक कारण असे की त्यांच्या खऱ्या प्रेक्षकांपैकी निम्मे लोक आपण प्रेक्षक आहोत हेच कबूल करत नाहीत. टीका कुणी करायची? ज्यांनी पाहिले नाही त्यांनी?

दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले त्याची आठवण म्हणून पुण्या-मुंबईत नटराजाला हार पडतात आणि हमखास एक वक्ता सांगतो की मराठी नाटकाचा प्रेक्षक संपत चालला. हा वक्ता कधी वैनगंगेच्या खोऱ्यात गेलेला नसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. त्याला म्हणतात झाडीपट्टी. भाऊबीज झाली की तिथे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, लेकी-जावई पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि नाटके लागतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, इथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, गावकरी तिथे जाऊन हंगामाचे नाटक ठरवतात. दिवसा जिथे शंकरपट, तिथे रात्री नाटक. मंडप प्रेक्षकांनी गच्च भरलेला, पेटी-तबल्याची साथ प्रत्यक्ष, नट घामाने निथळलेला, आणि खेळ पहाटेपर्यंत. रडायचे तिथे लोक मोकळेपणी रडतात, नाचायचे तिथे 'वन्स मोअर' देतात, आणि दुसऱ्या दिवशी पारावर बसून नाटक कुठे फसले हे नटाच्या तोंडावर सांगतात. २०२३ साली या रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या बाजूच्या बऱ्याच रसिकांनी 'झाडीपट्टी म्हणजे काय?' असे एकमेकांना विचारले.

त्या मुलखातल्या माणसाला तुम्ही विचारा, "काल रात्री कुठे होता?" तो सरळ सांगेल, "नाटकाले गेलतो." छायाचित्रण बरे होते, असे तो म्हणणार नाही.

यंदाच्या सुट्टीत ज्यांना जमेल त्यांनी नागपूरहून पुढे वडशाकडे जरूर उतरावे. कोणत्या गावी कोणते नाटक आहे हे चहाच्या टपरीवर कळेल. पुढची जागा हवी असेल तर जेवण लवकर उरकावे. आणि एक चांगले जाडजूड पांघरूण बरोबर असू द्यावे. शेवटच्या अंकाला थंडी फार पडते.