आयटरची खरी कसोटी प्लाझ्मातील खळबळीशी

नवी दिल्ली : दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे उभारली जात असलेली ‘आयटर’ ही संलयन अणुभट्टी २०३४ मध्ये संशोधनासाठी सुरू होईल आणि ड्युटेरियम-ट्रिटियम इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये होतील, असे सुधारित वेळापत्रक सांगते. चर्चा होते ती विलंबाची आणि वाढत्या खर्चाची. त्याहून खोल प्रश्न मात्र चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या प्लाझ्मातील खळबळीचा, म्हणजे टर्ब्युलन्सचा आहे.

गाभ्यात १५ कोटी अंश सेल्सिअस तापमान आणि जेमतेम दोन मीटरवर भिंत. इतक्या तीव्र उतारावर प्लाझ्मा स्वस्थ राहत नाही. त्यात सूक्ष्म भोवरे उठतात. कणांच्या परस्पर टकरींमुळे जेवढी उष्णता निसटावी, त्याच्या कितीतरी पट हे भोवरे बाहेर नेतात. ५० मेगावॉट उष्णता पुरवून ५०० मेगावॉट मिळवण्याचे उद्दिष्ट या गळतीवरच अवलंबून आहे.

हे गणित किती नाजूक आहे, ते १९९६ मध्ये दिसले. टेक्सास विद्यापीठाचे मायकेल कोट्शनरॉयथर आणि विल्यम डॉरलंड यांनी संगणकीय गणनेच्या आधारे, तेव्हा नियोजित असलेले मोठे आयटर अपेक्षित ऊर्जा देणार नाही, असा इशारा दिला. पुढे अमेरिकेने प्रकल्पातून अंग काढून घेतले व ती २००३ मध्ये परतली. माघारीमागे मुख्यतः खर्च होता, पण शंकेला बळ या वादाने दिले. भोवरे स्वतःच असे प्रवाह निर्माण करतात की जे त्यांनाच छाटून टाकतात. त्या प्रवाहांचा प्रभाव जुन्या गणनेत कमी धरला गेला होता, हे नंतर उमगले. इशारा काहीसा अतिरेकी ठरला, पण त्यातून विषय पुढे गेला.

आज कणांची चुंबकीय रेषेभोवतीची गिरकी सरासरीत मिटवून सहा मितींचा प्रश्न पाचवर आणला जातो. तरीही इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या भोवऱ्यांच्या आकारांत सुमारे ६० पटींचे अंतर आहे. दोन्ही एकत्र मोजायचे तर महासंगणकही दमतात. कडेचा प्रश्न त्याहून अवघड. १९८२ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथे फ्रिट्झ वॅगनर यांना प्लाझ्माच्या कडेला खळबळ अचानक शमल्याचे आढळले. आयटरची भिस्त याच अवस्थेवर आहे, पण ती नेमकी केव्हा येईल याचे मूलभूत समीकरणांवरून खात्रीचे भाकीत अद्याप करता येत नाही.

भारताने क्रायोस्टॅटसारखे अजस्र भाग हजिऱ्यात घडवून दिले. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ १९८९ पासून आहे. पोलादातील वाटा दिसतो, संगणनातील दिसत नाही. आणि २०३९ मध्ये येणाऱ्या मोजमापांचा अर्थ लावणारे तरुण संशोधक आजच घडवावे लागतील.