हक्कांची किंमत ३० टक्के

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने १९ जून २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवले. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत अजून ५९१ गावे आणि ६४,८०१ कुटुंबे आहेत, पुनर्वसनाची गती मंद आहे, ती वाढवा, असा त्याचा आशय. वाघ वाढायला हवेत याविषयी दुमत नाही. सारिस्कातले सगळे वाघ शिकाऱ्यांनी संपवल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्याच देशात २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज निघावा, हे भूषणावहच आहे. प्रश्न आहे तो या चौसष्ट हजार कुटुंबांच्या हिशेबाचा. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला तो जुळत नाही.

२००८ पासून अशा कुटुंबापुढे दोन पर्याय असतात: रोख १० लाख घ्या (२०२१ मध्ये ते १५ लाख झाले), नाहीतर वनखाते तुमचे पुनर्वसन करील. दुसऱ्या पर्यायाच्या खर्चाची मूळ फोड वाचण्यासारखी आहे. शेतजमिनीला ३५ टक्के, घराला २०, रस्ता, पाणी, देऊळ, स्मशान यांना १०, प्रोत्साहनाला ५ आणि ‘हक्कांच्या पूर्ततेला’ ३०. म्हणजे तीन लाखांत मोहफुले, तेंदूपत्ता, चराई, मासे, मध सगळे चुकते! चैत्रात मोहाखाली टोपली घेऊन जाणारी कोरकू बाई दरवर्षी व्याज उचलते, मुद्दलाला हात लावत नाही. आपण तिला सांगतो, ठेव मोडा.

अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो. बाप आणि दोन जाणते मुलगे म्हणजे ४५ लाख. एवढी रक्कम समोर आली की संमती मिळायला वेळ लागत नाही. पुढे ती कुठे जाते, हे विचारून कोरकूंना नावे ठेवू नयेत. २००१ साली स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती पडलेले आमचे पदवीधर सहकारी मी पाहिले आहेत.

कायदा मात्र वेगळा क्रम सांगतो. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती, दोन्हींचे म्हणणे एकच. आधी हक्कांची मान्यता पूर्ण करा. मग माणसांमुळे वन्यजीवांची भरून न येणारी हानी होते आणि सहजीवनाचा मार्ग उरलेला नाही, हे ठरवा. मग ग्रामसभेची संमती घ्या. गाव उठेल ते त्यानंतर. प्रत्यक्षात मार्च २०१७ मध्ये प्राधिकरणानेच गाभा क्षेत्रांत हक्क देणे थांबवण्याचे पत्र काढले. वर्षभराने ते मागे घ्यावे लागले. ज्याच्या नावे काहीच नाही, त्याची संमती कशाची?

अमरावती जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना सातबारा नाही म्हणून वनजमीन कसणाऱ्यांचे अर्ज परत जाताना मी रोज पाहत असे. आता वनहक्काचा पट्टा मिळतो, पण तो वारसाने मिळतो, विकता येत नाही. बँकवाले त्यावर नाक मुरडतात. माझ्या मते तीच त्याची खरी ताकद आहे.

अर्थात जंगलातले सगळे गोड आहे असे नाही. रानडुक्कर पीक खाते, वाघ गुरे नेतो, दवाखाना कोसावर. शाळेसाठी, रस्त्यासाठी बाहेर पडू इच्छिणारे पुष्कळ आहेत, त्यांना अडवणारे आपण कोण? पण मेळघाटातून उठवलेल्या गावांतले लोक जानेवारी २०१९ मध्ये जंगलात परत शिरले. कबूल केलेले मिळाले नाही, अशी त्यांची तक्रार होती. वनखाते आणि पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोन्हीकडचे जखमी झाले. उलट कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात २०११ साली सोलिगांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. तिथे सोलिगाही आहेत, वाघही आहेत.

आणि ज्या गाभ्यात चुलीचा धूर चालत नाही, त्याच्या २० टक्के भागापर्यंत पर्यटनाला २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुभा दिली आहे. तेव्हा पुढचे गाव उठवण्यापूर्वी मान्य झालेल्या हक्कांची यादी, हानीचा अहवाल आणि ग्रामसभेचा ठराव, ही तीन कागदपत्रे जिल्हाधिकाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावीत. कर्जाच्या साध्या प्रकरणातही आम्ही याहून जास्त कागद मागत होतो.