न दिलेलं मत कुणी वाचत नाही

‘माझ्या एका मतानं काय होणार?’ असं कुणी म्हटलं की आपण लगेच दाखले काढतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना सारखीच, ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मतानं पडले. दाखले खरे, उत्तर मात्र लंगडं. अशी निवडणूक क्वचितच होते. समोरचा शहाणा असेल तर ‘मला लॉटरीचं तिकीट विकू नका’ म्हणेल.

त्याची खरी चूक निराळी आहे. मत फक्त उमेदवार निवडून आणण्यापुरतं, असं तो धरून चालतो. पडलेल्याला दिलेलं मतही कामाला येतं. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मिळाली तर त्याची अनामत वाचते. पक्षाची मान्यता ठरतानाही मतांची टक्केवारी पाहतात. शिवाय विधानसभा-लोकसभेच्या निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. शाळेतल्या कुठल्या खोलीत कुणाला किती पडली, हे गावोगावचे कार्यकर्ते बोटांवर सांगतात. जिथून मतंच पडत नाहीत, त्या सोसायटीचा रस्ता आमदार निधीच्या यादीत कितवा लागेल? हा हिशेब न्यायाचा नाही, पण चालतो तो असाच.

‘न जाणं हाच माझा निषेध’, हा दुसरा युक्तिवाद. अहो, निषेध कुणाला तरी वाचता यायला हवा. घरी राहिलेला आजारी, परगावी गेलेला, आळशी आणि संतापलेला, चौघेही एकाच रकान्यात जातात. संताप वेगळा मोजून घ्यायचा तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यंत्रावर ‘नोटा’चं बटण आहे. त्यानं आमदार बदलत नाही, हे कबूल. तरी २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, तो आकडा आजही नोंदीत आहे.

राहिलं ‘सगळे सारखेच चोर’. ब्रिटिश सरकारच्या १९१९ च्या सुधारणांनंतरही मत होतं ते सारा किंवा कर भरणाऱ्या थोडक्यांनाच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे ते सर्व प्रौढांसाठी मागितलं. उमेदवार सज्जन निघाले तरच द्या, अशी अट त्या मागणीला नव्हती.

मतदार यादीसाठीचा फॉर्म ६ वर्षभर भरता येतो. नाव सापडलं नाही म्हणून ऐन मतदानाच्या दिवशी केंद्रावर हुज्जत घालणाऱ्यांनी तो याच आठवड्यात भरावा.