औषधाच्या चिठ्ठीवर धान्य

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली कुटुंबे मायदेशातील गावांसाठी दरवर्षी यथाशक्ती निधी पाठवितात. त्यातून शिष्यवृत्त्या, वह्या-पुस्तके, विहारांची बांधकामे आणि आरोग्य शिबिरे होतात. ही सर्व कार्ये स्तुत्यच आहेत. परंतु वैद्यकीय व्यवसायात हयात घालविलेल्या आम्हांस एक प्रश्न सतत बोचतो. शिबिरात आलेल्या शेतमजूर भगिनीस आपण रक्तवाढीच्या गोळ्या देतो. त्या गोळ्या संपल्यावर तिच्या ताटात काय असते?

या प्रश्नास आपण राहतो त्याच देशात एकदा उत्तर मिळालेले आहे. मिसिसिपी राज्यातील माउंड बायू हे गाव गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी 1887 साली वसविले. 1960 च्या दशकात त्या परिसरात कापूस वेचणारी यंत्रे आणि तणनाशके आली आणि पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांवर राबलेली कुटुंबे बेकार झाली. देशातील अत्यंत सुपीक जमिनीवर बालके उपाशी राहू लागली. अशा ठिकाणी डॉ. जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी जॉन हॅच यांनी 1967 मध्ये आरोग्य केंद्र सुरू केले. कुपोषित बालक आले की तेथील डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देत. ती चिठ्ठी गावातील किराणा दुकानदार वटवीत आणि बिल केंद्राच्या औषध खात्यावर पडे. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा डॉ. गायगरांनी उत्तर दिले की, आमच्या वैद्यकीय ग्रंथांत कुपोषणावरील औषध अन्न हेच सांगितले आहे.

पण हे लोक तेथेच थांबले नाहीत. दुकानातून आणलेले अन्न हीदेखील एक प्रकारची गोळीच होय, हे त्यांनी जाणले. ज्यांना शेतीची कला अवगत होती पण जमीन नव्हती, अशा शेकडो कुटुंबांनी 1968 च्या सुमारास नॉर्थ बोलिव्हर परगण्यात सहकारी शेती उभारली. कापसाऐवजी त्यांनी पालेभाज्या, शेंगा, रताळी पिकविली. श्रमाच्या मोबदल्यात पिकाचा वाटा घेतला. त्या शेतीच्या संचालिका एल. सी. डॉर्सी स्वतः मळ्यावरील वाटेकऱ्याची कन्या होत्या. त्यांनी पुढे समाजकार्यात डॉक्टरेट मिळविली आणि त्याच आरोग्य केंद्राची धुरा सांभाळली. ती सहकारी शेती दीर्घकाळ टिकली नाही. परंतु तिने घडविलेली माणसे टिकली, आणि आरोग्य केंद्र आजही चालू आहे.

या प्रयत्नांमागे जुनी परंपरा होती. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घराघरांत परिचित आहेत. 1906 साली टस्कीगी संस्थेने शेतीशाळा गाडीवर चढवून शेतकऱ्याच्या बांधावर नेली. विकतचे खत परवडत नसेल तर पालापाचोळा व दलदलीतील गाळ कुजवून घाला, कापसानंतर चवळी-भुईमूग घ्या, हा कार्व्हरांचा उपदेश होता. आज आपण ज्याला सेंद्रिय शेती म्हणतो, ती त्या कर्जबाजारी माणसांच्या लेखी हौस नव्हती. सावकाराच्या पाशातून सुटण्याचा तो मार्ग होता.

येथे आपल्यापैकी काही सुज्ञ बांधव विचारतील की, बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याला अज्ञानाची व संकुचितपणाची गुहा ठरविले होते, मग पुन्हा गावाकडे कशासाठी? शंका रास्त आहे. परंतु त्याच बाबासाहेबांनी 1918 मध्ये लहान धारणक्षेत्रांच्या समस्येवर निबंध लिहिला आणि 1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात जातिभेदरहित सामुदायिक शेतीची मागणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 व 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच दिशेने. बाबासाहेबांचा विरोध जातीच्या खेड्याला होता. कसणाऱ्याच्या हाती जमीन येण्याला नव्हता.

आजची स्थिती पाहा. दादासाहेबांच्याच नावाच्या शासकीय योजनेत 2004 पासून दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. परंतु सातबाऱ्यावर नाव लागल्याने पीक उगवत नाही. पाणी नाही, बैल नाहीत, आणि गोठा नाही म्हणून शेणखतही नाही. अशा माणसास केवळ ‘सेंद्रिय शेती करा’ असे सांगणे म्हणजे रोग्यास औषधाचे नाव सांगून निरोप देण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या शेतावर जावे तर विषारी फवारणी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने बळी गेलेल्यांत शेतमजूरही होते, हे वैद्यकीय माणसाला विसरता येत नाही.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे की, आपल्या निधीचा एक निश्चित हिस्सा जमीन मिळालेल्या, पण साधनहीन कुटुंबांच्या गटांना द्यावा. विहीर किंवा शेततळे, चार शेळ्या, सामाईक गांडूळखताचा खड्डा, ताग-धैंचाचे बी, आणि पहिली दोन-तीन वर्षे बांधावर येऊन शिकविणारा आपल्याच वस्तीतील प्रशिक्षित तरुण, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. प्रथम घराच्या ताटापुरते पिकवावे, बाजाराचा विचार नंतर. आणि त्या घरातील मुलीचे शिक्षण कोणत्याही हंगामात थांबता कामा नये, ही अट आपण जरूर घालावी.

आम्ही शिकलो म्हणून या देशी आलो. मागे राहिलेल्यांना दयेच्या गोळ्या नकोत. त्यांच्या श्रमाला जमीन, पाणी व ज्ञान यांची जोड हवी. ती देण्याचे सामर्थ्य आज आपल्यापाशी आहे.

जय भीम!