कारखान्याला सवलत, कष्टकऱ्याला उचल

मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात झालेली उद्योगांची गर्दी कमी व्हावी आणि भांडवल मागास भागांकडे वळावे, या हेतूने महाराष्ट्र शासनाने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. विक्रीकर जाऊन २००५ साली मूल्यवर्धित कर आला, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. तरी योजनेचा गाभा तोच राहिला. जो भांडवल आणील त्याला सवलत!

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीने किंवा शहापूर तालुक्यातील महामार्गालगतच्या कारखान्यांनी काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रोजगार आला, रस्ते झाले, वाहतुकीचे व खाणावळीचे धंदे उभे राहिले. परंतु या दोन तालुक्यांचा विकास एवढ्यावरच मोजावयाचा काय? संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पावसावरचे भाताचे एक पीक निघाले की हाताला काम उरत नाही. मग भूमिहीन कातकरी कुटुंबे वीटभट्टीमालकाकडून उचल घेतात आणि पोराबाळांसह भट्टीवर जातात. उचल फिटेपर्यंत मजुरी मालकाच्या वहीत राहते. मुलांची शाळा तर सुटतेच. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, पण ऐन सणासुदीला लागणारी रोकड कोणत्याही कायद्याने घरात येत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत या रोकडीला खेळते भांडवल म्हणतात. भट्टीमालकाने ही गरज नेमकी ओळखली आहे. तो पाड्यावर येतो, रोख देतो, कागद मागत नाही. आणि म्हणूनच मजुरीचा दर तो ठरवितो. कोट्यवधींच्या सवलतींचा हिशेब ठेवणाऱ्या शासनाला काही हजारांची ही गरज वेळेवर भागविता येऊ नये, हे धोरणाचे अपयश होय.

दुसरा मार्ग कल्पनेतला नाही. शहापुरातच कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून, तिची भुकटी करून विकण्याचा उद्योग उभारला. २०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या वनधन योजनेचे पाठबळ त्याला मिळाले. सुमारे तीनशे सभासदांच्या एका केंद्राला पंधरा लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची या योजनेत तरतूद आहे. रानातली वेल ओली विकली तर भाव व्यापाऱ्याचा. स्वच्छ करून, वाळवून, एकत्र विकली तर सौदा करण्याची ताकद समूहाची. मात्र कंपनी पैसे देते माल पोहोचल्यानंतर, आणि वेल आणणाऱ्याला ते हवे असतात त्याच दिवशी. हे अंतर भरून निघाले तरच असा उद्योग टिकतो.

म्हणूनच तीन गोष्टी तातडीने करावयास हव्यात. पहिली, नोंदणीकृत समूहांना भाद्रपद-आश्विनात, म्हणजे उचलीच्या हंगामापूर्वी, अल्पमुदतीचे खेळते भांडवल मिळावे. दुसरी, शासनाने स्वतः गिऱ्हाईक व्हावे. केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघुउद्योगांकडून, त्यातही चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असा दंडक आहे. हेच तत्त्व तालुक्यातील आश्रमशाळा, अंगणवाड्या व रुग्णालये यांना लावले, तर तांदूळ, भाजीपाला आणि गणवेशाची शिलाई यांना घरालगत बाजार मिळेल. तिसरी, सर्व सेवा एका छताखाली देण्यासाठी १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे निघाली. ते छत ठाण्यात आहे. आठवड्यातून निदान एक दिवस, बाजाराच्या दिवशी, त्यातील अधिकारी मुरबाड व शहापूर येथे बसावेत.

यांतील एकाही सूचनेसाठी कारखान्यांची सवलत काढून घ्यावी लागत नाही. पण सवलतींच्या यादीशेजारी शासनाने आणखी एक आकडा दरवर्षी प्रसिद्ध करावा: या दोन तालुक्यांतील किती कुटुंबांना यंदा उचल घ्यावी लागली नाही? तो आकडा वाढत नाही, तोवर नव्या शेडच्या उद्घाटनांना विकास म्हणण्याची घाई करू नये.